प्युअर डेटा आणि जेममध्ये थ्रीडी: ढोलाच्या थापेवर फुगणारी प्रभावळ, पहिल्या खोक्यापासून मंडपापर्यंत

गणपती तोंडावर आले की नाशिकच्या मंडळांत हा प्रश्न हमखास निघतो: "यंदा मूर्तीमागच्या पडद्यावर काहीतरी थ्रीडी फिरतं ठेवता येईल का?" इंटरनेटवरून उतरवलेला व्हिडिओ लावणं सोपं असतं. पण पथकाने लय वाढवली तरी तो आपल्याच नादात फिरत राहतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे कुणी बघत नाही. चित्र तिथल्या तिथे, ढोल ऐकून तयार झालं पाहिजे. त्यासाठी महागडं मशीन लागत नाही आणि कोडच्या ओळीही लिहाव्या लागत नाहीत. खोके मांडायचे आणि वायरींनी जोडायचे, एवढंच.

या लेखात आपण एकच गोष्ट बनवणार आहोत: मूर्तीमागे बारा ठोकळ्यांची गोल प्रभावळ, ढोलाच्या थापेला फुगणारी. ती जमली की बाकीचं तुम्ही स्वतः जमवाल.

मी प्युअर डेटा वापरतो, सगळे त्याला पीडी म्हणतात. मिलर पकेट यांनी ते १९९६ साली काढलं. त्याआधी पॅरिसच्या इर्काम संस्थेत 'मॅक्स' नावाचं याच धाटणीचं सॉफ्टवेअर त्यांनीच लिहिलं होतं. पीडी मुळात आवाजासाठी आहे. त्यात थ्रीडी आणणारी जोडणी म्हणजे जेम. ती मार्क डँक्स यांनी सुरू केली आणि पुढे ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या मंडळींनी सांभाळली. दोन्ही फुकट आहेत आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतात.

"टचडिझायनर का नाही?" असं कुणीतरी विचारेलच. तेही खोके-वायरींनीच चित्र बनवणारं सॉफ्टवेअर. छान आहे, दिसायलाही देखणं आहे. पण त्याच्या फुकट आवृत्तीत चित्र १२८० बाय १२८० पिक्सेलच्या वर जात नाही, ती आवृत्ती बिगरव्यावसायिक कामापुरतीच आहे आणि ग्राफिक्स कार्डही बऱ्यापैकी लागतं. मंडळातल्या जुन्या लॅपटॉपसाठी माझं मत जेमलाच.

## १. काय काय लागेल

- लॅपटॉप. विंडोज किंवा लिनक्स असेल तर उत्तम. मॅकवरही चालतं, पण जेम ज्या ओपनजीएल नावाच्या थ्रीडी ग्राफिक्सच्या पायावर उभं आहे ते ॲपलने २०१८ पासून मोडीत काढायच्या यादीत टाकलंय.
- साधा माउस. टचपॅडवर वायरी ओढत बसलात तर तासाभरात वैतागाल.
- माइक आणि यूएसबी ऑडिओ इंटरफेस. सरावाला लॅपटॉपचा माइक चालेल, मंडपात नाही.
- प्रोजेक्टर, एचडीएमआय केबल आणि पडद्यासाठी पांढरं मांजरपाट. केबल शक्यतो १० मीटरच्या आत ठेवा. साध्या लांब केबलवर चित्र लुकलुकतं आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.
- एक वही. पॅचचा, म्हणजे खोक्या-वायरींच्या मांडणीचा, कागदी आराखडा काढायची सवय लावून घ्या.

नावांबद्दल एक सूचना आत्ताच देतो. या लेखात सगळी नावं देवनागरीत आहेत, पण पीडीत ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची: सगळी लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता. अपवाद दोन. शेवटी येणारे एक्स, वाय, झेड कॅपिटल आणि लायब्ररीच्या नावातला 'जी' कॅपिटल. जिथे दोन शब्दांत अंडरस्कोर आहे तिथे मी तसं लिहिलंय. स्पेलिंगवर शंका आली तर पीडीच्या हेल्प ब्राउझरमध्ये जेमच्या फोल्डरखाली सगळी यादी सापडते.

## २. इन्स्टॉल करा आणि खरंच चढलंय का ते तपासा

आधी पीडी घ्या. मग पीडीच्याच मेनूत 'फाइंड एक्स्टर्नल्स' शोधा, तिथे जेम टाकून सर्च करा आणि आलेल्या यादीतून उतरवा. उबुंटू किंवा डेबियनवर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून पीडी आणि जेम ही दोन पॅकेजं घेतली की काम झालं.

इथे नवखी माणसं पहिल्यांदा अडकतात. पीडी ६४ बिटचं आणि जेम ३२ बिटचं, किंवा उलट, असं झालं तर जेम लोड होत नाही. दोन्ही एकाच जातीचं हवं. यादीत नाव वाचून उतरवा, वरचं पहिलं दिसलं म्हणून क्लिक करू नका.

आता नवीन पॅच उघडा. कंट्रोल-१ दाबलं की रिकामा खोका येतो. त्यात 'डिक्लेअर', मग डॅश लावून 'लिब', मग 'जेम' असं टाइप करा. पॅच सेव्ह करा, बंद करा, पुन्हा उघडा. कन्सोलमध्ये, म्हणजे पीडीच्या मुख्य विंडोत, जेमची ओळख सांगणाऱ्या ओळी आल्या म्हणजे चढलं. नाही आल्या तर पुढचे सगळे खोके तुटक कडांचे दिसतील. तुटक कड म्हणजे "हे काय ते मला माहीत नाही" असं पीडी सांगतंय.

## ३. विंडो उघडा, ठोकळा आणा

'जेमविन' नावाचा एक खोका करा. त्याच्या वर कंट्रोल-२ ने मेसेजचे खोके करा: 'क्रिएट', 'डिस्ट्रॉय', '१' आणि '०'. चारही जेमविनला जोडा.

मग बाजूला ही साखळी:

जेमहेड → क्यूब

आता कंट्रोल-ई दाबून एडिट मोडमधून बाहेर या. 'क्रिएट'वर क्लिक करा, काळी विंडो येईल. '१'वर क्लिक करा, पांढरा चौकोन दिसेल.

तीन गोष्टींनी लोक इथे गोंधळतात. एडिट मोड चालू असेल तर क्लिकने मेसेज जात नाही, खोका फक्त निवडला जातो. 'क्रिएट' केलं आणि '१' विसरलं तर विंडो काळीच राहते. आणि चौकोन पाहून "हे तर टूडी आहे" असं वाटतं. ठोकळा तुमच्याकडे तोंड करून उभा आहे आणि उजेड नाही, म्हणून तो सपाट दिसतो.

विंडो उघडतच नसेल किंवा सगळं रखडत चालत असेल, तर जेमविनला 'प्रिंट' हा मेसेज पाठवा आणि कन्सोल वाचा. ग्राफिक्स चिपचं नाव दिसायला हवं. विंडोजवर तिथे 'जीडीआय जेनेरिक' किंवा लिनक्सवर 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं, तर सगळं चित्र प्रोसेसर एकटाच काढतोय. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नीट टाका. ते होईपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही.

## ४. वायरमधून नेमकं काय वाहतं

हे प्रकरण सावकाश वाचा. बाकी सगळं घाईत केलं तरी चालेल.

वायरी बघून वाटतं की वरच्या खोक्यात चित्र तयार होतं आणि वायरमधून खाली जातं. तसं नसतं. जेमहेड दर फ्रेमला एकदा हाक देतो आणि ती हाक वरून खाली एकेका खोक्यातून जाते. वाटेतला प्रत्येक खोका पुढच्यांसाठी परिस्थिती बदलून ठेवतो: "इथून पुढे सगळं उजवीकडे सरकलेलं", "इथून पुढे सगळं केशरी". शेवटी क्यूब येतो आणि तोवर जी परिस्थिती झाली असेल तिच्यात स्वतःला काढतो. द्राक्षबागेत ठिबकच्या मुख्य नळीत जिथे खत सोडाल तिथून पुढच्या वेलींना ते मिळतं, मागच्यांना नाही. जेमच्या साखळीचा कायदा तोच.

म्हणून क्रम बदलला की चित्र बदलतं. स्वतः करून बघा. पहिली साखळी:

जेमहेड → ट्रान्सलेट-एक्सवायझेड २ ० ० → रोटेट-एक्सवायझेड → क्यूब ०.५

(नावातली आडवी रेघ वाचायच्या सोयीसाठी आहे, टाइप करू नका. एक्सवायझेड कॅपिटल आणि आधीच्या शब्दाला चिकटून.)

रोटेटच्या शेवटच्या इनलेटला (खोक्याच्या वरच्या कडेचं वायर घ्यायचं तोंड) कंट्रोल-३ ने आकड्याचा खोका जोडा आणि माउसने ओढा. ठोकळा उजव्या बाजूला उभा राहून स्वतःभोवती फिरतो.

आता मधले दोन खोके अदलाबदल करा, आधी रोटेट आणि मग ट्रान्सलेट. तोच आकडा ओढा. ठोकळा आता विंडोच्या मध्याभोवती प्रदक्षिणा घालतो. खोके तेच, आकडे तेच, फक्त क्रम वेगळा. पहिल्या साखळीत जागा आधी सरकली आणि मग त्या नव्या जागी फिरली. दुसरीत सगळी जागाच आधी फिरली आणि त्या फिरलेल्या जागेत ठोकळा दोन घरं सरकला.

हे हाताला समजलं की जेमचा मोठा भाग समजला. "माझा ठोकळा कुठे गेला?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

दुसरी गाठ फांद्यांची. एका जेमहेडला दोन फांद्या जोडल्या तर आधी कोणती चालणार? जी वायर आधी ओढली ती. हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नशिबावर सोडू नका. मध्ये 'ट्रिगर' टाका, म्हणजे 't a a' या अक्षरांचा खोका: टी, मग ए, मग ए. ट्रिगर नेहमी उजवीकडून डावीकडे सोडतो, त्यामुळे क्रम पक्का होतो. आणि प्रत्येक फांदीच्या सुरुवातीला 'सेपरेटर' लावा. नाही लावला तर पहिल्या फांदीतलं सरकवणं, फिरवणं, लहानमोठं करणं दुसऱ्या फांदीत गळतं. सेपरेटर म्हणतो, "माझ्या खाली काय वाटेल ते करा, परत येताना मी सगळं पूर्ववत ठेवीन."

वेगवेगळे जेमहेड असतील तर त्यांच्यात कोण आधी हे आकड्याने ठरतं. काहीच लिहिलं नाही तर तो ५० धरला जातो, लहान आकडा आधी. पारदर्शक वस्तू नंतर काढायच्या असतात, म्हणून त्यांच्या जेमहेडला मी ६० देतो.

एक माप पाठ करून ठेवा. काही न बदलता जेमचा कॅमेरा मध्यापासून ४ एकक पुढे उभा असतो आणि मध्यावर त्याला वर ४, खाली ४ इतकं दिसतं. 'क्यूब १' म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूला १, एकूण २ एककांचा ठोकळा. कॅमेऱ्याच्या १ एककाहून जवळ आणि २० एककांहून लांब असलेलं काहीही दिसत नाही. ठोकळा पुढे आणताना अचानक कापला गेला तर बिघाड समजू नका, तो त्या १ एककाच्या आत आला आहे.

## ५. उजेड

जेमविनला 'लायटिंग १' हा मेसेज द्या. मग वेगळी साखळी करा: जेमहेड → वर्ल्ड अंडरस्कोर लाइट. दोन्ही हवेत. नुसता दिवा जोडून 'लायटिंग १' विसरलात तर काहीच फरक दिसणार नाही.

उजेड तपासायला क्यूबऐवजी 'टीपॉट' लावून बघा. हो, जेममध्ये चहाची किटली तयार मिळते. १९७५ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल यांनी संगणकात उतरवलेलीच ही किटली, तेव्हापासून थ्रीडीवाले तिच्यावरच हात साफ करतात. तिच्या गोलाईवर उजेड कुठून पडतोय ते लगेच कळतं.

रंगासाठी 'कलर' खोका, पुढे तीन आकडे लाल, हिरवा, निळा, प्रत्येक ० ते १. झेंडूचा केशरी हवा तर १ ०.५ ० पासून सुरू करा. तो अर्थातच क्यूबच्या आधी.

## ६. फिरत ठेवणं

बरेच जण 'मेट्रो' (ठरावीक वेळाने टिचकी देणारा खोका) लावून फिरवतात. चालतं, पण मेट्रोचं घड्याळ आणि फ्रेमचं घड्याळ वेगळं असल्यामुळे गती बारीक अडखळते. त्यापेक्षा जेमहेडची हाकच वापरा.

जेमहेडखाली 'टी ए बी' असा ट्रिगर. उजव्या बाजूने 'बी' म्हणजे बँग ('चालव' सांगणारी नुसती टिचकी) निघेल, ती 'एफ'च्या, म्हणजे आकडा साठवणाऱ्या, खोक्याला. एफमधून '+ १', त्यातून 'मॉड ३६०'. मॉडमधून दोन वायरी: एक परत एफच्या उजव्या इनलेटला, दुसरी रोटेटच्या शेवटच्या इनलेटला. ट्रिगरची डावी बाजू रोटेटच्या पहिल्या इनलेटला. दर फ्रेमला एक अंश, अडखळण नाही. वेग जास्त हवा तर १ चे २ करा.

'मॉड ३६०' कशाला, ३६१ अंश म्हणजे १ अंशच की? बरोबर. पण साधं पीडी आकडे ३२ बिटांत ठेवतं आणि त्यात १ मिळवत गेलं की १,६७,७७,२१६ वर मोजणी थिजते. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर अखंड चालवलेला पॅच साधारण साडेसहा दिवसांनी तिथे पोचतो. चतुर्थीला सुरू केलेली प्रभावळ अनंत चतुर्दशीपर्यंत फिरायला हवी असेल तर मॉड लावाच.

फ्रेमचा वेग न सांगता २० असतो. 'फ्रेम ३०' हा मेसेज जेमविनला द्या.

## ७. प्रभावळ

आता हा लेख ज्यासाठी आहे ती साखळी. वरून खाली:

जेमहेड → स्केल-एक्सवायझेड → रिपीट १२ → रोटेट-एक्सवायझेड ० ० ३० → सेपरेटर → ट्रान्सलेट-एक्सवायझेड २ ० ० → कलर १ ०.५ ० → क्यूब ०.२

रिपीट आपल्या खालचं सगळं बारा वेळा चालवतो आणि प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीतली परिस्थिती शिल्लक राहते. म्हणून ३० अंश बारा वेळा साठत जाऊन ३६० होतात, गोल पूर्ण होतो. पण २ एकक बाहेर सरकणं साठायला नको, ते प्रत्येक ठोकळ्याने मध्यापासून नव्याने करायचं. म्हणून रोटेट सेपरेटरच्या वर आणि ट्रान्सलेट त्याच्या खाली. सेपरेटर काढून बघा, ठोकळे एकाला एक धरून बारा बाजूंचं वेगळंच कडं करतील आणि तेही मध्य सोडून. एकदा मुद्दाम करून बघण्यासारखं आहे.

स्केल रिपीटच्या वर आहे, तेही ठरवून. तो रिपीट आणि सेपरेटरच्या मध्ये गेला तर दर फेरीत गुणाकार होत जाईल. १.६ पट मोठं करा म्हटलं तर बारावा ठोकळा २८१ पट होईल आणि विंडो केशरी रंगाने भरून जाईल.

पूर्ण प्रभावळ सावकाश फिरवायची असेल तर सहाव्या पायरीतला रोटेट स्केलच्याही वर ठेवा. मधला ३० अंशांचा रोटेट तसाच राहू द्या, त्याला हात लावायचा नाही. ठोकळ्यांऐवजी 'स्फिअर ०.२ ४०' वापरून बघा. दुसरा आकडा कापांचा आहे, तो कमी असला की गोळा ओबडधोबड दिसतो.

## ८. ढोल जोडणं

ढोल आणि ताशा एकाच माइकवर येतात, पण त्यांचे सूर वेगळ्या पट्ट्यात असतात. ढोलाचा घुमारा खालच्या पट्टीत, ताशाची कडकड वरच्या. ते वेगळे केले की प्रभावळीला दोन कान मिळतात.

ढोलासाठी: एडीसी टिल्डा १ → लॉप टिल्डा १५० → लॉप टिल्डा १५० → एन्व्ह टिल्डा १०२४. टिल्डा म्हणजे नावाला चिकटलेली नागमोडी रेघ, तिने खोका आवाजाचा आहे हे कळतं. एडीसी माइकचा आवाज आत आणतो. लॉप खालचे सूर ठेवतो, वरचे दाबतो. एकटा लॉप फार सौम्य असतो, म्हणून दोन. ताशासाठी लॉपच्या जागी 'हिप टिल्डा २०००', तेही दोनदा.

एन्व्ह आवाजाची पातळी आकड्यात देतो. पीडीच्या हिशेबात १०० म्हणजे पूर्ण आवाज आणि ० म्हणजे शांतता. तो आकडा असा उतरवा:

एन्व्ह → वजा ७० → मॅक्स ० → गुणिले ०.०२ → अधिक १ → स्केलचे एक्स, वाय, झेड तिन्ही इनलेट

७० च्या खालचा गलका सोडून दिला जातो. पूर्ण आवाजाला १.६ येतो, म्हणजे २ एककांची प्रभावळ ३.२ वर जाते आणि ठोकळे फुगूनही ४ च्या चौकटीत राहतात. हे ७० आणि ०.०२ माझे आकडे आहेत, तुमच्या माइकला वेगळे लागतील. एन्व्हखाली आकड्याचा खोका लावा आणि गोदाकाठी किंवा मैदानावर पथकाच्या सरावाला लॅपटॉप घेऊन जा. शांततेत काय येतं, एका ढोलाला काय, सगळं पथक वाजताना काय, हे वहीत लिहा. घरात टाळ्या वाजवून लावलेले आकडे मंडपात उपयोगी पडत नाहीत.

फुगणं फार झटक्याचं वाटलं तर मध्ये 'डॉलर-१ ८०' असा मेसेज आणि त्याखाली 'लाइन' टाका. बदल ८० मिलिसेकंदांत सरकत होतो. २०० च्या वर नेलंत तर जलद लयीत थाप आणि चित्र यांची फारकत होते.

मीडिया मेनूतून डीएसपी, म्हणजे पीडीचं आवाजाचं काम, चालू करायला विसरू नका, नाहीतर आकडा ० वरच बसून राहील. विंडोजमध्ये प्रायव्हसी सेटिंगमध्ये माइकला परवानगी आहे का तेही बघा. आणि माइकची आपोआप आवाज सांभाळणारी सोय बंद करा. ती चालू असली की मोठी थाप दाबली जाते, शांतता वर उचलली जाते आणि प्रभावळ सतत अर्धवट फुगलेली राहते. सॉफ्टवेअर ढोलाला दाद देत नाही अशी तक्रार येते तेव्हा मी आधी हीच सोय तपासतो.

माइक ढोलाच्या तोंडाशी नको. आवाज फाटला की आकडा १०० ला चिकटतो आणि लहान-मोठी थाप सारखीच दिसते. आडोशाने, थोडा लांब ठेवा.

## ९. फोटो किंवा नक्षी चढवायची असेल तर

कलरच्या जागी पिक्स अंडरस्कोर इमेज आणि त्याच्या लगेच खाली पिक्स अंडरस्कोर टेक्स्चर. पहिला फाइल उघडतो, दुसरा ती ठोकळ्यावर चढवतो. दुसरा विसरला की ठोकळा पांढराच राहतो. फाइल पॅचच्या फोल्डरमध्येच ठेवा आणि नावात मोकळी जागा नको: पीडी जागेशी नाव तोडतं. फोल्डरची नावंही इंग्रजी अक्षरांत ठेवलेली बरी. बारा ठोकळ्यांना एकच नक्षी असेल तर हे दोन्ही खोके रिपीटच्या वर न्या, म्हणजे तेच काम बारा वेळा होत नाही.

पडदाभर फोटो मागे हवा असेल तर वेगळी साखळी, जेमहेड १० पासून, शेवटी 'रेक्टँगल ७.११ ४'. १६ बाय ९ च्या विंडोत एवढ्याने बरोबर पडदा भरतो. पण खोलीला तो प्रभावळीच्याच पातळीवर असतो आणि ठोकळे मधोमध कापतो, म्हणून त्या साखळीत 'डेप्थ ०' टाका. माझ्या मते मागे काळंच ठेवा. प्रोजेक्टरचा काळा म्हणजे उजेड नाही, आणि मूर्तीमागे चौकोनी पडदा न दिसता नुसती प्रभावळ तरंगताना दिसते.

## १०. मंडपात

प्रोजेक्टर 'डुप्लिकेट'वर नको, 'एक्स्टेंड'वर लावा. मग जेमविनला हे मेसेज द्या, 'क्रिएट'च्या आधी: 'बॉर्डर ०', 'डायमेन १२८० ७२०', 'ऑफसेट १९२० ०', 'कर्सर ०'. लॅपटॉपचा पडदा १९२० रुंद असेल तर ऑफसेटने विंडो प्रोजेक्टरवर जाऊन बसते. रिझोल्यूशन प्रोजेक्टरच्या मापाने बदला. विंडोजचं स्केलिंग १०० टक्के ठेवा, म्हणजे मोजमापात घोळ होत नाही. नंतर दिलेल्या मेसेजचा उघड्या विंडोवर भरवसा धरू नका: डिस्ट्रॉय करून पुन्हा क्रिएट करा.

'फुलस्क्रीन १' मी टाळतो. एकच पडदा असताना तो लावला की पॅच झाकला जातो आणि बंद करायला काही हाताशी राहत नाही. लावायचाच असेल तर आधी 'जेमकीनेम' खोक्याच्या आउटलेटना, म्हणजे खालच्या तोंडांना, 'प्रिंट' जोडून एस्केप दाबल्यावर काय नाव येतं ते बघा आणि ते 'सिलेक्ट'मधून 'डिस्ट्रॉय'ला जोडा. पीडीचा साधा 'की' खोका जेमची विंडो समोर असताना ऐकत नाही.

पडद्यासमोरचे हॅलोजन बंद करून घ्या. हे विद्युत रोषणाईवाल्याशी पहिल्याच दिवशी बोला, आरतीच्या वेळी नाही.

वीज जाणार आणि जनरेटरवर बदली होणार, हे धरूनच चाला. लॅपटॉपला बॅटरी असते, प्रोजेक्टर आणि ऑडिओ इंटरफेसकडे बघा. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत वायर काढू देऊ नका. मंडपात वायर उपटायला कुणीतरी उत्साही असतोच.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तर प्रभावळ आपोआप यायला हवी, कारण त्या वेळी तुम्ही तिथे नसाल. पॅचमध्ये लोडबँग (पॅच उघडताच टिचकी देणारा खोका) → डिले २००० → एकच मेसेज, स्वल्पविरामाने तोडलेला: 'लायटिंग १, फ्रेम ३०, बॉर्डर ०, डायमेन १२८० ७२०, ऑफसेट १९२० ०, क्रिएट, १'. दोन सेकंदांचा डिले प्रोजेक्टरचा पडदा ओळखला जायला पुरत नसेल तर वाढवा. डीएसपी चालू करायलाही तिथूनच एक मेसेज: अर्धविराम, मग 'पीडी डीएसपी १'. पॅचचा शॉर्टकट विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये. स्लीप बंद, झाकण मिटल्यावर काही होऊ नये असं सेटिंग, अपडेट पुढे ढकललेले. हे सगळं घरी लावून लॅपटॉपचं बटण दाबून बंद-चालू करून बघा.

चित्र आणि आवाज दोन्हींनी मशीन दमत असेल तर पीडी दोनदा उघडा. एकात फक्त माइक आणि एन्व्ह, दुसऱ्यात जेम. मधला आकडा नेटसेंड आणि नेटरिसीव्हने पाठवा. पीडी आपलं काम मुख्यतः एकाच धाग्यावर ओढतं, त्यामुळे दोन पीडी म्हणजे प्रोसेसरचे दोन गाभे कामाला लागतात.

शेवटी पॅच, फोटो आणि वहीतल्या आकड्यांचं पान असा एक फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून मंडळातल्या अजून एकाकडे द्या, आणि त्याच्याकडून एकदा सुरू-बंद करवून घ्या.